पाठ बघ म्हणावं

ग्लासगोच्या मध्यवस्तीत जॉर्ज स्क्वेअरच्या मागचा चढ चढून गेलं की रॉटनरो नावाची छोटी बाग लागते. बागेत एक भलीमोठी सेफ्टी पिन उभी आहे. बाळाच्या लंगोटाला लावतात ना, तीच. फक्त माणसापेक्षा कितीतरी उंच आणि चकचकीत पोलादी. जॉर्ज वायली या स्कॉटिश शिल्पकाराने ती केली. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेते. सगळे आधी हसतात, मग फोटो काढतात, आणि मग विचारतात, "पण ही इथे कशाला?"

तर २००१ पर्यंत या जागी ग्लासगोचं मोठं प्रसूतिगृह होतं. गावातल्या कितीतरी पिढ्या इथे जन्मल्या. इमारत पाडली, पिन उभी राहिली. यंदा संपादकांनी "आपण राहतो त्या गावाने जगाला काय दिलं" यावर लिहायला सांगितलं, तेव्हा मला जहाजं आठवली नाहीत की वाफेचं इंजिन आठवलं नाही. मला ही पिन आठवली आणि तिच्यासोबत माझी आई.

मी डॉक्टर नाही. या गावातल्या वाचनालयात पंचवीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे जुनी कागदपत्रं चाळायची सवय लागली. पोटातल्या बाळाचा दोष जन्माआधी दिसू लागला, त्याची ही गोष्ट. तिचं एक टोक ग्लासगोत आहे, एक परळला आणि एक आमच्या वाईच्या घरात.

वाई, १९५४

३० जून १९५४. ज्येष्ठातली अमावास्या. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. राजस्थानात ते खग्रास दिसलं, आपल्याकडे खंडग्रास, तेही अगदी मावळतीच्या वेळी. माझी आई तेव्हा एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, पाचवा महिना लागलेला. घरात पंधरा माणसं. आजीने सांगून ठेवलं होतं की वेध लागल्यापासून एका जागी बसून राहायचं, काही चिरायचं नाही, कापायचं नाही. पण आभाळ भरलेलं, ग्रहण लागलं की सुटलं कोणाला कळेना. रात्रीच्या स्वयंपाकाची घाई होती म्हणून आईने विळी घेतली आणि दुधी चिरला.

दिवाळी झाली. कार्तिकात, नोव्हेंबरच्या मध्याला, घरीच सुईणीच्या हातून बाळंतपण झालं. मुलगा झाला. रडला, दूध प्यायला. पण त्याच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, सुपारीएवढा उघडा फुगवटा होता आणि पाय हलत नव्हते. तो नऊ दिवस जगला.

घरात कोणी आरडाओरडा केला नाही. आजी फक्त एवढंच म्हणाली, "तरी सांगितलं होतं." ते वाक्य आईच्या गळ्यात कायमचं पडलं. पुढे माझ्या वेळी आणि माझ्या भावाच्या वेळी ती सबंध ग्रहणभर अंधारात भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बसून राहिली होती, असं मावशी सांगायची. आईने स्वतः यातलं अक्षर काढलं नव्हतं. मला एक थोरला भाऊ होता हे मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कळलं. ते कसं, ते पुढे येईलच.

ग्लासगो, १९५४ ते १९५८

योगायोग असा, की त्याच १९५४ साली इयन डोनाल्ड नावाचे डॉक्टर ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल एअर फोर्समध्ये डॉक्टर होते. जळत्या विमानातून वैमानिकांना बाहेर काढल्याबद्दल त्यांना पदकही मिळालं होतं. युद्धात त्यांनी रडार आणि सोनार पाहिलं होतं. पाण्यात आवाज सोडायचा, तो पाणबुडीवर आपटून परत आला की किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं, हे सोनारचं तत्त्व. डोनाल्ड यांना यंत्रांचा भारी नाद. सहकारी त्यांना मागे "मॅड डोनाल्ड" म्हणायचे.

ग्लासगो तेव्हा जहाजांचं आणि बॉयलरचं गाव. बॉयलरच्या पोलादी पत्र्यात आत कुठे तडा गेलाय का हे पत्रा न फोडता तपासायला कारखान्यात अल्ट्रासाउंडची यंत्रं वापरत. डोनाल्ड यांच्या एका पेशंटचे यजमान रेनफ्र्यू इथल्या बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत डायरेक्टर होते. त्या ओळखीवर २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड कारखान्यात पोचले. दोन मोटारींच्या डिकीत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी भरलेल्या होत्या. काही गर्भाशयातल्या घट्ट गाठी, काही बीजकोशातल्या पाण्याच्या. तुलनेसाठी कंपनीने एक मांसाचा तुकडा दिला. घट्ट गाठीतून एक प्रकारचा प्रतिध्वनी आला, पाण्याच्या गाठीतून अगदी वेगळा. तडा शोधणाऱ्या यंत्राला माणसाच्या पोटातलंही कळत होतं!

हे यंत्र बनवणाऱ्या केल्व्हिन अँड ह्यूजेस कंपनीत टॉम ब्राउन नावाचा एक तरुण इंजिनियर होता. कोणी प्रोफेसर आपल्या कंपनीचं यंत्र पेशंटवर वापरतोय असं त्याच्या कानावर आलं. त्याने टेलिफोन डिरेक्टरीत नंबर शोधला आणि सरळ डोनाल्डना फोन लावला. हे १९५६ साल, ब्राउनचं वय तेवीस. पुढे त्याने जे यंत्र तयार केलं त्यात नुसत्या उंच-सखल रेषा उमटत नसत, पोटाच्या आडव्या छेदाचं चित्रच दिसायचं. जॉन मॅकव्हिकर हे तिसरे, तरुण डॉक्टर. एक डॉक्टर, एक इंजिनियर आणि एक शिकाऊ असा तो संसार होता.

सुरुवातीला लोक हसले. मग एक बाई आली. तिच्या पोटात पाणी झालंय, जठराचा कॅन्सर आहे, आता काही करता येणार नाही, असं ठरलेलं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्रावर दिसलं की ही बीजकोशातली प्रचंड मोठी गाठ आहे. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली आणि बाई बरी झाली. त्यानंतर कोणी हसलं नाही.

७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये तिघांचा लेख आला. लेखाचं नाव अगदी रुक्ष, पोटातल्या गाठींची तपासणी एवढंच. पण त्यात आईच्या पोटातल्या बाळाची आवाजाने काढलेली चित्रंही होती.

वेळही जुळून आली. तोवर पोटातलं बाळ पाहायचं तर एक्स-रे काढत. पण अॅलिस स्टुअर्ट या डॉक्टरबाईंनी ऑक्सफर्डहून १९५६ साली आणि मग सविस्तर १९५८ साली दाखवून दिलं, की गरोदरपणात आईचा एक्स-रे काढला तर मुलाला पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण वाढतं. एक दार बंद होत होतं, तेव्हाच दुसरं उघडत होतं.

आवाजाने पाहायचं म्हणजे काय?

आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीच्या यंत्रातला आवाज सेकंदाला वीस लाखांहून जास्त कंपनांचा. अंगात तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. जिथे एक पेशी-थर संपून दुसरा सुरू होतो तिथे त्यातला थोडा परत येतो. हाडावरून खूप येतो, पाण्यातून काहीच येत नाही. म्हणून हाड पांढरं दिसतं आणि गर्भजल काळं. हवेतून मात्र तो जात नाही, म्हणून पोटावर तो गार जेल चोपडतात.

"भरपूर पाणी पिऊन या" हेही ग्लासगोचंच देणं बरं का! १९६३ साली डोनाल्ड यांच्या लक्षात आलं, की मूत्राशय भरलेलं असलं की आतडी बाजूला सरतात आणि त्या पाण्याच्या खिडकीतून अगदी लहान गर्भही दिसतो. तेव्हापासून जगभरच्या गरोदर बायका दवाखान्याच्या बाकावर पाय आवळून बसल्या आहेत.

पण बाळ दिसणं वेगळं आणि बाळातला दोष दिसणं वेगळं. त्यासाठी आधी निर्दोष बाळ कसं दिसतं हे आठवड्या-आठवड्याने मोजावं लागलं. डोनाल्ड यांच्याकडे शिकलेले स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी साठीच्या दशकाच्या शेवटी बाळाच्या डोक्याची रुंदी मोजायची पक्की पद्धत घातली. पुढे ते लंडनला गेले. १९७२ साली तिथल्या क्वीन शार्लट्स हॉस्पिटलमधून त्यांनी कळवलं, की सतराव्या आठवड्यात एका बाळाच्या डोक्याची कवटीच झालेली नाही हे सोनोग्राफीत ओळखता आलं. त्याच वर्षी एडिंबराच्या डेव्हिड ब्रॉक यांनी दाखवलं, की असं बाळ असेल तर गर्भजलात एक प्रथिन फार वाढलेलं असतं. १९७५ मध्ये कॅम्पबेल यांच्या गटाने पाठीचा कणा उघडा राहिल्याचं निदान जन्माआधी केलं.

हे दोष इथेच आधी का शोधले गेले? कारण स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्समध्ये कणा किंवा कवटी उघडी राहण्याचं प्रमाण त्या काळी फार होतं. इथल्या घराघरात अशी एक न बोललेली गोष्ट असायची. अगदी आमच्या वाईच्या घरासारखी.

१९८६ साली एक गंमतशीर शोध लागला. उघड्या कण्याची जागा पडद्यावर बारीक असते, सहज निसटते. पण किप्रोस निकोलाइडिस, कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की अशा बाळाच्या डोक्याचा आकार लिंबासारखा पुढून चेमटलेला दिसतो आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला. तेव्हापासून जगभर 'लिंबू' आणि 'केळं' बघून कण्याची शंका घेतात. कणा पाहायचा तर आधी डोकं बघा! ऐंशीच्या दशकात लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये लिंडसी अॅलन यांनी बाळाच्या हृदयाचे कप्पे आणि झडपा पाहायला सुरुवात केली. १९९२ साली निकोलाइडिस यांनी तिसऱ्या महिन्यात बाळाच्या मानेमागचं पाणी मोजून डाउन सिंड्रोमची शक्यता वर्तवता येते हे दाखवलं.

"त्या बाईला विचार…"

१९८६ साल माझ्याही लक्षात आहे, कारण तेव्हा माझ्या पोटात माझी लेक होती. आई बाळंतपणाला वाईहून आली होती, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. स्कॅनला मी तिला बरोबर नेलं. अंधारी खोली, छोटा काळा-पांढरा पडदा. तपासणाऱ्या बाईंनी डोकं दाखवलं, हात दाखवला, हृदयाची टिकटिक दाखवली. मी हरखून गेले होते. आई मात्र गप्प. बाई विचारत होत्या, आजीबाईंना काही विचारायचंय का? मला वाटलं, आता आई "मुलगा की मुलगी" विचारणार. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवत होते.

आई म्हणाली, "पाठ बघ म्हणावं."

मी भाषांतर केलं. बाईंनी यंत्र फिरवलं आणि पडद्यावर कणा आला. मोत्यांच्या दोन माळा शेजारी शेजारी, खाली कमरेपाशी निमुळत्या होत जुळलेल्या. बाई वरपासून खालपर्यंत सावकाश गेल्या. "परफेक्ट," म्हणाल्या. ते आईला भाषांतराशिवाय कळलं. तिने डोळ्याला पदर लावला. त्या रात्री चहा करता करता तिने मला १९५४ सालची सगळी गोष्ट सांगितली. दुधी, विळी आणि नऊ दिवसांसकट.

मी म्हटलं, "आई, ग्रहणाने असं काही होत नाही." ती म्हणाली, "तुला काय माहीत?" आणि खरंच, मला काय माहीत होतं? "होत नाही" म्हणणं सोपं. पण मग कशाने झालं, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

परळमार्गे

ते उत्तर काही वर्षांनी मिळालं, आणि त्याची वाट मुंबईवरून जात होती.

लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ साली मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पांडुरोग व्हायचा, त्यात रक्तपेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत आणि पुष्कळ बायका दगावत. विल्स यांच्या लक्षात आलं, की हे आहारातल्या कसल्यातरी कमतरतेमुळे होतंय. यीस्टचा अर्क, म्हणजे इथे लोक टोस्टवर फासतात ते मार्माइट, दिलं की बायका बऱ्या होतात. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अनोळखी घटकाला लोक 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून एक जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं, त्याचं नाव फॉलिक अॅसिड. परळच्या बायकांना बरं करणारा घटक तोच होता.

१९६५ मध्ये लिव्हरपूलच्या दोन डॉक्टरांनी शंका बोलून दाखवली, की बाळाचा कणा उघडा राहण्याचा याच्याशी संबंध असेल. त्याची पक्की परीक्षा व्हायला १९९१ उजाडलं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांवर एक चाचणी केली होती. आधी असं मूल झालेल्या बायकांना पुढच्या खेपेस दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अॅसिड दिलं, तर ७२ टक्के वेळा तो दोष टळला. म्हणून आज मूल हवंय असं ठरवलं, की त्या दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करा असं सांगतात. आधी असं मूल झालं असेल तर डॉक्टर बराच मोठा डोस देतात. दिवस राहिल्याचं कळल्यावर सुरू करून पुष्कळदा उशीर झालेला असतो, कारण बाळाचा कणा गर्भधारणेपासून चार आठवड्यांतच मिटतो.

हे वाक्य मी वाचनालयात वाचलं आणि तिथेच कागद घेऊन हिशोब केला. बाळ नोव्हेंबरच्या मध्याला, पुऱ्या दिवसांचं. ग्रहण ३० जूनला. म्हणजे ग्रहणाच्या दिवशी आईला विसावा आठवडा होता. कणा मिटायचा तो मार्चमध्येच मिटला असता. तो तेव्हा मिटला नव्हता. आईने विळी हातात घेतली त्याच्या तीन महिने आधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

१९९३ च्या उन्हाळ्यात मी वाईला गेले तेव्हा तो कागद बरोबर नेला. आई मेथी निवडत होती. मी महिने बोटांवर मोजून दाखवले. हेही सांगितलं की याची कारणं अनेक असतात, त्यातलं एक हे जीवनसत्त्व. तुझ्या बाबतीत नेमकं काय घडलं ते आता कोणालाच कळणार नाही, पण विळी नव्हती एवढं नक्की. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "विसावा आठवडा म्हणजे तुझ्या लेकीची पाठ बघितली तेव्हाचा ना?" मी हो म्हटलं. "तेव्हा असतं हे यंत्र, तर निदान मला माहीत तरी असतं," असं म्हणून ती पुन्हा मेथी निवडायला लागली. आजी जाऊन तोवर वीस वर्षं झाली होती.

तेच यंत्र, दुसरा प्रश्न

इथे थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण आपल्या महाराष्ट्रात या यंत्राला दुसराच प्रश्न विचारला गेला आणि तो झाकून ठेवणं बरोबर नाही.

सत्तरच्या दशकात गर्भजल तपासणी भारतात आली ती बाळातले दोष शोधायला. त्यातून मुलगा की मुलगी हेही कळतं म्हटल्यावर दोष बाजूला राहिले आणि मुलगी हाच दोष ठरला. पुढे सोनोग्राफी स्वस्त झाली, सुईसुद्धा लागेना. मुंबईतल्या स्त्री-संघटना आणि काही डॉक्टर यांनी याविरुद्ध चळवळ केली, आणि १९८८ साली लिंगनिदानाला बंदी घालणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य झालं. १९९४ मध्ये सबंध देशाचा कायदा झाला, तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये कडक केला गेला. तरी आकडे बघा. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४.

म्हणून भारतात प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात ती पाटी असते, इथे गर्भलिंगनिदान होत नाही म्हणून, आणि प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा फॉर्म भरावा लागतो. आपली इथली मुलं सुट्टीत भारतात गेल्यावर त्या पाटीला हसतात. त्यांना हे आकडे जरूर सांगा.

खऱ्या दोषांच्या बाबतीत कायद्याची वेगळी अडचण झाली. १९७१ च्या कायद्यात गर्भपाताची मर्यादा वीस आठवडे, आणि दोष दिसतात ते अठरा ते वीस आठवड्यांच्या तपासणीत. कागदपत्रं जमवेपर्यंत मुदत संपायची. ऑगस्ट २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका जोडप्याने बाळाच्या हृदयाच्या गंभीर दोषासाठी मुदतीनंतर परवानगी मागितली, ती नाकारली गेली. त्यावर देशभर चर्चा झाली. अखेर २०२१ च्या दुरुस्तीने ठरलं, की गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने सांगितलं तर मुदतीची अट राहणार नाही. इथे ब्रिटनमध्ये अशी तरतूद १९९० पासून आहे.

खुद्द इयन डोनाल्ड यांना या वाटेचा त्रास झाला. ते धार्मिक वृत्तीचे होते आणि इथल्या १९६७ च्या गर्भपात कायद्याला त्यांनी उघड विरोध केला होता. ज्या यंत्राने त्यांनी बाळाचं हृदय चालताना दाखवलं, त्याच यंत्राच्या निदानावरून गर्भ न ठेवण्याचे निर्णय होऊ लागले. १९८७ मध्ये ते वारले तोवर दोन्ही गोष्टी रूढ झाल्या होत्या. माझं मत त्यांच्यासारखं नाही. ज्या बाईच्या पोटात ते बाळ आहे तिलाच ठरवू द्यावं असं मला वाटतं. पण ठरवण्याआधी तिला सगळं खरं आणि नीट सांगितलं जावं, यावर दोन्ही बाजूंचं दुमत नसावं.

यंत्राला काय कळत नाही

आणखी एक. स्कॅन 'नॉर्मल' आला म्हणजे सगळं ठीकच असेल अशी हमी नसते. १९९३ साली अमेरिकेत पंधरा हजारांहून जास्त बायकांवर केलेली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात सरसकट सोनोग्राफी केलेल्या गटातसुद्धा गंभीर दोषांपैकी ३५ टक्केच जन्माआधी सापडले होते. दुसऱ्या गटात ११ टक्के. त्यानंतर यंत्रं आणि शिक्षण दोन्ही पुष्कळ सुधारलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये चोवीस आठवड्यांआधी निदान एक सोनोग्राफी सगळ्यांची व्हावी अशी शिफारस केली. तरीही बाळ कसं पहुडलंय, आईच्या पोटावर चरबी किती, पाहणाऱ्याचा हात किती तयार, यावर बरंच अवलंबून असतं. आणि दोष सापडला तरी ते मूल कसं हसेल, काय शिकेल, हे पडद्यावर येत नाही.

दोष सापडणं म्हणजे सगळं संपलं असंही आता नाही. हृदयाच्या मोठ्या नसांची अदलाबदल झालीय हे आधी कळलं, तर बाळंतपण हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी करता येतं आणि बाळ वाचण्याची शक्यता वाढते. उघड्या कण्याचं ऑपरेशन बाळ पोटात असतानाच केलं तर काही बाळांना फायदा होतो, हे २०११ च्या अमेरिकन अभ्यासात दिसलं.

आणि पुन्हा एकदा ग्रहण

२०१७ साली माझ्या लेकीचा विसाव्या आठवड्याचा स्कॅन होता. जिची पाठ आईने बघायला लावली होती, तीच ही लेक. जावई आत, मी बाहेर. बाहेर यायला त्यांना फार वेळ लागला तेव्हाच मी समजले. बाळाचा वरचा ओठ दुभंगलेला दिसला होता. कणा ठीक, हृदय ठीक, फक्त ओठ.

दुसऱ्याच दिवशी एका नर्सबाईंचा फोन आला. ऑपरेशन कधी होईल, दूध कसं पाजायचं, कोणती बाटली आणायची, सगळं त्यांनी सांगितलं. लेकीने ऑपरेशन आधीचे आणि नंतरचे फोटो मागून घेतले आणि रोज रात्री ते बघायची. बाळ जन्मलं तेव्हा त्याचा चेहरा आम्हाला ओळखीचा होता. आम्ही कोणी दचकलो नाही. स्कॅनने आम्हाला वीस आठवडे आधी दिले, ते या ओळखीसाठी कामी आले.

फोनवर मावशीला सांगितलं. नव्वदीची बाई, माझ्यावर फार जीव. ती पटकन म्हणाली, "अगं, ग्रहणबिहण पाळलं नव्हतं का पोरीने?"

मी रागावले नाही. म्हटलं, "मावशी, ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो. तेव्हा तिला दिवस राहिल्याचं जेमतेम कळलं होतं. आणि आईचं बाळ होतं ना, तेव्हाही ग्रहणाने काही झालं नव्हतं. हिशोब करून आईला दाखवला होता मी." तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग मावशी म्हणाली, "तिने मला सांगितलं होतं हो. माझ्या ध्यानात राहिलं नाही." आणि मग, "त्याच्या दुधाचं नीट बघा म्हणजे झालं."

आज माझा नातू शाळेत जातो. ओठावर एक बारीक रेघ आहे, तो हसला की ती दिसते. परवा आकाशकंदील करताना त्याने मला विचारलं, "आजी, रॉटनरोची पिन एवढी मोठी का?" मी त्याला मोटारीच्या डिकीतल्या गाठींची गोष्ट सांगितली. त्याला मांसाचा तुकडा फार आवडला.

मंडळी, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी लवकरच गोड बातमी येईल. मुलीसुनांना फॉलिक अॅसिडच्या गोळीचं आधीच सांगा. स्कॅनला जाताना कोणीतरी बरोबर जा. काही निघालंच, तर "तू काय केलं होतंस?" हा प्रश्न तिला कोणी विचारू नका. आमच्या घरात तो एकदा विचारला गेला आणि त्याचं उत्तर मिळायला एकोणचाळीस वर्षं लागली.